टू आणि व्हेरी

"यू आर टू ओल्ड," तांग शिफू मालकांच्या आईंना म्हणाले आणि कमरेत वाकले. "टू ओल्ड, टू ब्यूटिफुल!"

खंडेनवमी होती. शिरवळच्या एमआयडीसीतल्या त्या नव्या कारखान्यात यंत्रांना झेंडूच्या माळा घातल्या होत्या आणि पुण्याहून मालकांचं सगळं कुटुंब पूजेला आलं होतं. आईंचं वय ब्याऐंशी. तीस वर्षं मुख्याध्यापिका होत्या, इंग्रजी त्यांना आमच्यापेक्षा चांगलं येत होतं. हातातला पेढा तोंडाशी न्यायचा त्या विसरल्या.

"म्हातारी आहे हे मला माहीत आहे," त्या मुलाला म्हणाल्या. "पण नको इतकी जगले, हे पहिल्यांदाच कुणी तोंडावर सांगितलं."

मालक हसले. पण त्यांनी आधी मॅनेजर बोरावक्यांकडे पाहिलं आणि बोरावक्यांनी माझ्याकडे. तांग शिफू तेवढे मनापासून हसत उभे होते. आपण काहीतरी छान बोललो, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

पूजा आटोपल्यावर बोरावक्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "फरांदे मॅडम, पुढच्या महिन्यात ट्रायल आहे. मोठमोठे बिल्डर येणार बघायला. त्यांच्यासमोर हा 'टू' मला नको. काय करायचं ते करा."

"होईल सर," मी म्हटलं.

याला आता बारा वर्षं झाली. मी तेव्हा पस्तिशीची होते. सकाळी लोणंदच्या ज्युनियर कॉलेजात इंग्रजी शिकवायचे आणि संध्याकाळी शिरवळला दहावी-बारावीचे क्लास घ्यायचे. कारखान्यात हलक्या, राखाडी विटा तयार होणार होत्या. त्या भट्टीत भाजत नाहीत, वाफेवर शिजवतात. त्यासाठी लोखंडाचं एक प्रचंड नळकांडं चीनहून आलं होतं, तीस मीटर लांब, आत माणूस ताठ चालत जाईल एवढं रुंद. त्याचं खरं नाव कुणाच्या तोंडात बसलं नाही. कामगार त्याला कुकर म्हणायचे, मग सगळेच कुकर म्हणायला लागले.

कुकर बसवायला चार चिनी माणसं आली होती. त्यांच्याबरोबर आलेला दुभाषा तीन आठवड्यांत पळाला, म्हणून मला बोलावणं आलं. मला चिनी येत नव्हतं, पण कामापुरतं इंग्रजी त्यांना शिकवता येईल असं बोरावक्यांना वाटलं. रोज चार वाजता कॅन्टीनमध्ये तासभर. चौघांत तांग सगळ्यांत मोठे, बावन्न वर्षांचे. पंचवीस वर्षं हेच काम करत देशोदेशी फिरलेले. बाकीचे तिघे त्यांना शिफू म्हणायचे. शिफू म्हणजे उस्ताद. आम्हीही मग तांग शिफूच म्हणायला लागलो.

त्यांच्या सगळ्या बोलण्यात तो एक शब्द असायचा. चहा टू गुड. मॅडम टू काइंड. शिरवळ टू हॉट. शेवटचं बरोबर निघायचं, पण तेही योगायोगानं.

खंडेनवमीच्या दुसऱ्या दिवशी मी कॅन्टीनच्या फळ्यावर मधोमध रेघ मारली. एका बाजूला 'व्हेरी' लिहून हसरा चेहरा काढला, दुसऱ्या बाजूला 'टू' लिहून रडका. "व्हेरी म्हणजे खूप," मी हातांनी, चेहऱ्यानं, फोनमधल्या डिक्शनरीनं समजावलं. "टू म्हणजे नको इतकं. टू म्हटलं की काहीतरी बिघडलंय. चहा टू गुड असू शकत नाही. टू हॉट असू शकतो, कारण मग तोंड भाजतं."

त्यांनी वहीत उतरवून घेतलं. दोन मिनिटांनी चहा आला. एक घोट घेऊन ते म्हणाले, "टू गुड."

मी डस्टर टेबलावर आपटलं.

तीच पद्धत पडली. चुकीचा 'टू' आला की डस्टर, मग उभं राहून तेच वाक्य पुन्हा, बरोबर. माझ्या दहावीच्या मुलांना मी असंच शिकवायचे. तांग शिफू उभे राहायचे, दोन्ही हात मांड्यांना चिकटवून वाक्य म्हणायचे. बाकीचे तिघे तोंडावर हात धरून हसायचे. दिवसभर ज्याच्या नुसत्या भुवईच्या इशाऱ्यावर ते पळायचे तो माणूस त्यांच्यासमोर शाळकरी पोरासारखा उभा असायचा. ते हसणं मला दिसत होतं. त्यानं शिकायला वेग येतो, अशी माझी समजूत होती.

आणि वेग आलाच. दोन आठवड्यांत 'टू' बंद झाला, अगदी पूर्ण.

कुकरचा ऑपरेटर विलास धायगुडे जवळच्या गावचा. त्याची जमीन एमआयडीसीत गेली होती आणि त्याबदल्यात घरटी एक नोकरी मिळाली, ती त्याला. त्याची आणि तांग शिफूंची दोस्ती होती. भाषेचा एक शब्द समान नसताना दोघं दिवसभर बोलायचे. एकदा धायगुडेनं घरून ठेचा-भाकरी आणली. तांग शिफूंनी ठेचा भाकरीवर नीट पसरून घास घेतला आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"व्हेरी स्पायसी," ते कसेबसे म्हणाले.

"शिफू, इथं टू म्हटलं तर चालेल," मी इंग्रजीत म्हटलं. "आता खरंच टू आहे."

त्यांनी जोरजोरात मान हलवली. "नो, नो. टू डेंजर. व्हेरी सेफ." म्हणजे तो शब्द धोक्याचा, हा बिनधोक.

मला हसू आलं. धायगुडेलाही मी ते मराठीत सांगितलं आणि आम्ही तिघंही हसलो.

ट्रायल नोव्हेंबरच्या दुसऱ्या मंगळवारी होती. बिल्डर मंडळी नंतर यायची होती, आधी घरच्या घरी एकदा विटा शिजवून बघायच्या. सकाळपासून कुकरमध्ये वाफ सोडत होते. तिचा दाब हळूहळू बारावर न्यायचा आणि काही तास तिथंच ठेवायचा. मी चार वाजता क्लाससाठी आले तेव्हा कॅन्टीन रिकामं होतं, सगळे कुकरपाशी. मीही तिकडे गेले.

कुकरच्या एका टोकाला तांग शिफू दाबाच्या काट्यासमोर उभे होते. दुसऱ्या टोकाला उंच कठड्यावर धायगुडे, वाफ आत सोडायच्या चाकावर हात ठेवून. मी साधारण मध्यावर थांबले. वाफेचा आवाज एकसारखा चालू होता, पण ओरडलेलं ऐकू येत होतं.

तांग शिफू एकदम काट्याजवळ झुकले. मग वळून ओरडले, "धाय! प्रेशर..." आणि थांबले. त्यांची नजर माझ्यावर पडली होती. "प्रेशर व्हेरी हाय! व्हेरी, व्हेरी हाय!"

धायगुडेनं वरून अंगठा दाखवला. "ओके शिफू! व्हेरी हाय! ओके!"

मी चक्क वाक्य तपासलं. कर्ता, विशेषण, व्हेरी. घाईतसुद्धा माणूस चुकला नाही.

"गुड!" मी ओरडले. "व्हेरी गुड, शिफू!"

त्यांनी माझ्याकडे पाहून मान डोलावली, मग काट्याकडे पाहिलं, मग धायगुडेकडे. निरोप पोचला असं त्यांना वाटलं असावं. ते चाक फिरायची वाट बघत उभे राहिले. चाक फिरलं नाही. सगळं मिळून अर्धं मिनिट गेलं असेल. मग ते पळत सुटले. माझ्या अंगावरूनच गेले. कुकरच्या पोटाशी वाफ बाहेर सोडायचा हाताचा व्हॉल्व्ह होता, त्याला त्यांनी दोन्ही हातांनी धरून अंगाचा सगळा भार टाकला. व्हॉल्व्ह उघडू लागला, पण त्याच्या शेजारचा जोड त्या दाबाला टिकला नाही. पांढरी वाफ आडवी सुटली आणि ते दिसेनासे झाले.

त्यांनी हात काढले नाहीत. व्हॉल्व्ह पूर्ण उघडेपर्यंत ते तिथंच होते. आम्ही ओढून बाहेर काढलं तेव्हा हातमोजे कातडीला चिकटले होते.

दुसऱ्या कुणाला खरचटलंही नाही. काटा चौदाच्या पुढे गेला होता, असं नंतर कळलं. आणखी थोडा चढता तर कुकरचं दार उडून समोरच्या शेडमध्ये गेलं असतं. तिथं वीस-बावीस बाया विटांच्या साच्यांना तेल लावत बसल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी सरकारी इन्स्पेक्टर आले. मोमीनसाहेब, बारीक अंगाचे, चष्मा कपाळावर चढवायची सवय असलेले. त्यांनी बोरावक्यांच्या केबिनमध्ये एकेकाला बोलावलं. माझ्या आधी धायगुडे आत होता, त्याला त्यांनी बसूनच राहू दिलं.

"मॅडम, तुम्ही मधोमध उभ्या होतात. तांग नेमकं काय म्हणाले?"

"प्रेशर व्हेरी हाय."

"शब्द हेच? नक्की?"

"नक्की. मी त्यांची शिक्षिका आहे."

"आणि त्याचा अर्थ? दाब मर्यादेबाहेर गेलाय, असा होतो का?"

मी शिक्षिकेसारखंच उत्तर दिलं. "नाही. व्हेरी हाय म्हणजे खूप जास्त. मर्यादेबाहेर म्हणायचं असेल तर टू हाय म्हणावं लागतं."

"तेच म्हणतोय की साहेब मी," धायगुडे म्हणाला. "मला काय, प्रेशर हाय, एवढंच ऐकू आलं. म्हटलं, हाय तर हाय. त्यासाठीच तर सकाळपास्नं चाक धरून बसलोय. आन् ह्या मॅडम बी गुड म्हणाल्या."

मोमीनसाहेबांनी लिहून घेतलं. लिहून झाल्यावर म्हणाले, "म्हणजे इशारा दिलाच गेला नाही. दिला असता आणि ऑपरेटरनं ऐकला नसता, तर गोष्ट वेगळी होती."

केबिनबाहेर आल्यावर धायगुडेनं माझ्यासमोर हात जोडले. त्याच्याकडे बघून मला बरं वाटलं. मी खरं तेच बोलले होते, आणि त्यामुळे एका गरीब माणसाची नोकरी वाचली होती. बोरावकेही खूश दिसले. "आपली बाजू क्लिअर झाली," ते म्हणाले. "चिनी कंपनीला कळवून टाकतो, त्यांच्या माणसाची चूक. ते बघतील त्याचं काय करायचं ते."

तांग शिफू साताऱ्याच्या हॉस्पिटलात होते. शुक्रवारी मी भेटायला गेले. दोन्ही हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्ट्यांत, मानेवर मलम. मला बघून ते उठायला लागले. मी घाईनं त्यांना पडून राहायला लावलं. मग मीच विचारलं, अगदी सावकाश, सोप्या इंग्रजीत. "शिफू, तुम्हाला टू हाय म्हणायचं होतं ना?"

"येस."

"फरक लक्षात आला नाही? मी नीट शिकवलं नाही का?"

त्यांनी मान हलवली. उत्तर जुळवायला त्यांना वेळ लागला. जे बोलले ते तुकड्यातुकड्यांत होतं, पण समजायला अवघड नव्हतं. टू त्यांना माहीत होता. टू तोंडात आलाच होता. "बट मॅडम स्टँडिंग देअर," ते म्हणाले. "आय थिंक, टू, मिस्टेक. आय चेंज."

माझ्या हातात संत्र्यांची पिशवी होती. ती कुठं ठेवावी हे मला सुचेना.

"चायनीज, सेम वर्ड," ते पुढे म्हणाले. चहा छान झाला तरी तोच शब्द, दाब मर्यादेबाहेर गेला तरी तोच. ताय. ते हसले आणि मानेचं कातडं ओढलं गेल्यामुळे लगेच थांबले.

त्या संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो तेव्हा प्रदीप, माझा नवरा, पहिला घास घेऊन म्हणाला, "आमटीत मीठ फार झालंय गं. वांगं मात्र फार मस्त."

एकच 'फार', दोन्हीकडे. आम्हीही हेच करतो. पस्तीस वर्षं मी हे रोज बोलत आले होते, आणि कुणी माझ्यासमोर डस्टर आपटलं नव्हतं.

त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तू कशाला मध्ये पडतेस? जे ऐकलंस तेच सांगितलंस. खोटं तर नाही बोललीस."

"शब्द खरे होते," मी म्हटलं. "बाकी नव्हतं."

"आणि तो धायगुडे? चिनी माणसानं इशारा दिला होता म्हटलंस तर तो जाईल."

एकाला सोडवायला गेले की दुसरा अडकत होता. पहाटे कधीतरी लक्षात आलं, की तिथं ते दोघंच नव्हते, मी धरून आम्ही तिघं होतो.

सोमवारी मोमीनसाहेब पुन्हा कारखान्यात आले होते. मी कॉलेजात रजा टाकून गेले. बोरावके समोरच बसले होते.

"साहेब, माझा जबाब बदलायचा आहे."

बोरावके ताडकन उठले. "मॅडम, आता काय आणखी?"

"तांग शिफूंनी इशारा दिला होता. त्यांना टू हाय म्हणायचं होतं. तो शब्द मी त्यांच्या तोंडातून काढला. दोन आठवडे, डस्टर आपटून. त्या दिवशी मला तिथं बघून त्यांनी तो बदलला. धायगुडेला व्हेरी हायचा जो अर्थ लागला तो बरोबरच होता. मी गुड म्हणाल्यावर तर कुणालाही तोच लागला असता. म्हणून ते अर्धं मिनिट गेलं. त्या दोघांत चूक कुणाची असं विचारत असाल, तर दोघांचीही नाही."

मोमीनसाहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला. "मॅडम, मी व्हॉल्व्हची चौकशी करतो. व्याकरणाची नाही."

"मग शब्द कशाला विचारलेत?"

त्यांनी चष्मा खाली घेतला आणि कोरा कागद ओढला. "बोला. सावकाश बोला."

त्यांचा अहवाल महिन्याभरानं आला. दाब वाढला की आपोआप उघडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह उघडलाच नव्हता, कारण जहाजातून येताना तो हलू नये म्हणून लावलेली लोखंडी पट्टी कुणी काढली नव्हती. काढली आहे, असं लिहिलेल्या इंग्रजी कागदावर मात्र दोन्ही बाजूंच्या सह्या होत्या. एकानंही तो कागद वाचलेला नव्हता. पुढे एक ओळ होती, की धोक्याचा इशारा दिला गेला, पण तो ऐकणाऱ्याला समजेल अशा शब्दांत पोचला नाही. म्हणून काट्यावर लाल रेघ, मोठी घंटा आणि हाताच्या ठरलेल्या खुणा, एवढं झाल्याशिवाय कुकर चालू करू नये. माझं नाव त्यात कुठंच नव्हतं.

धायगुडेला पंधरा दिवस घरी बसवलं, मग परत घेतलं. तांग शिफूंच्या कंपनीनं त्यांना कामावर ठेवलं, पण यंत्रं बसवायला पाठवणं बंद केलं, कारण उजव्या हाताची तीन बोटं पुन्हा नीट मिटली नाहीत. मला बोरावक्यांनी त्याच सोमवारी सांगितलं, उद्यापासून यायची गरज नाही. गावात काही दिवस 'कुकरवाल्या मॅडम' असं नाव पडलं. क्लासमधली चार-पाच मुलं कमी झाली. नंतर दुसरी आली.

डिसेंबरात तांग शिफू परत जायला निघाले. धायगुडेनं फोन करून कळवलं, म्हणून मी कारखान्याच्या गेटवर गेले. जीप उभी होती, सामान चढवत होते. धायगुडे त्यांना चिकटूनच उभा होता.

"मॅडम, बरं झालं आलात," तो म्हणाला. "शिफूला विचारा की, प्रेशर लई वाढलं तर तुमच्यात काय म्हणत्यात? उद्या दुसरा कोण येईल. त्याला इंग्रजी न्हाई आलं तर?"

मी विचारलं. तांग शिफूंनी सांगितलं, "ताय काओ ला."

"ताय काओ ला!" धायगुडे एवढ्या मोठ्यानं ओरडला की वॉचमन केबिनमधून बाहेर आला. तांग शिफूंनी मान डोलावली. मग ते माझ्याकडे वळून थांबले.

मीही म्हणाले. त्यांनी पुन्हा म्हणून दाखवलं. पहिला शब्द वरून खाली सोडायचा, दुसरा उंच, सरळ धरायचा. मी पुन्हा म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणाले. माझा सूर दर वेळी भलतीकडेच जात होता, आणि तो जातोय हे मलाही कळत होतं. माझे कान तापले. चौथ्यांदा तोंड उघडलं आणि शब्दच फुटेना.

ते वाट बघत राहिले. ड्रायव्हरनं जीप चालू केली तरी हलले नाहीत. शेवटी मी कसंबसं, एका दमात म्हणून टाकलं.

"राँग, मॅडम," तांग शिफू म्हणाले. "बट आय अंडरस्टँड."